सोळा हात पायघडी

एका गावात दोन जावा होत्या आणि दोघींचं मिळून एकच काम होतं: साऱ्या गावाचे डाग काढायचे. परटाचं घर ते. नदीवर दगड, अंगणात दोऱ्या आणि दोऱ्यांवर बारा महिने कुणाचं ना कुणाचं धुणं. कोणाच्या घरी आमटी सांडली, कोणाचं बाळ आजारी पडलं, कोणी बायकोपासून लपवून पान खाल्लं, हे त्या घराला कपड्यांवरून आधी कळायचं. पण डाग पाण्यात सोडायचा आणि गोष्ट पोटात ठेवायची, अशी त्या घरची रीत होती.

थोरल्या जावेचं नाव कोंडाबाई. कपडा हातात आला की ती आधी त्याच्याकडे नुसती बघत बसायची, वैद्यानं नाडी बघावी तशी. सूत आहे की रेशीम, रंग पक्का की कच्चा, डाग कशाचा, किती दिवसांचा. एवढं सगळं झालं की मग कुठे पाण्याला हात लागायचा. गावातली माणसं म्हणायची, "कोंडाबाईकडं मुलाच्या बारशाला धोतर टाकावं आणि त्याच्या लग्नाला परत न्यावं."

धाकटी सगुणा. तिचं सगळंच उलटं. नदीवर जायची ती धावत आणि यायची तीही धावत. तिच्या हातातून कपडा सुटला की तो सुकूनच खाली पडतो, असं गावात म्हणायचे. तिला थोरलीचा संथपणा बघवत नसे. माया नव्हती असं नाही. सगुणा लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरीसुद्धा धड थापता येत नव्हती, आणि ते सासऱ्यांना कळू न देता कोंडाबाईनं महिनाभर दोघींच्या वाटणीच्या भाकरी थापल्या होत्या. पण रोज उठून "थांब गं", "आधी बघ गं", "घाई नको गं" ऐकलं की माणसाचे कान किटतात. सगुणाचे किटले होते.

एकदा कोंडाबाईच्या नवऱ्यानं तालुक्याच्या बाजारातून ब्लीचची बाटली आणली. विहिरीत पंचायतीचं औषध टाकल्यावर येतो तसला वास, नाकात झणझणणारा. पांढऱ्या कपड्यावरचा कसलाही हट्टी डाग यानं जातो, असं दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. सगुणाला वाटलं, चला, आपले दगडावरचे कष्ट संपले. कोंडाबाईनं मात्र बाटली पदराखाली घेतली आणि तडक शाळेत गुरुजींकडे गेली. बाटलीवर बारीक अक्षरात जे काही छापलं होतं, ते तिनं त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळेला गुरुजींनी चष्मा काढून डोळे चोळले.

मग तिनं रबरी हातमोजे मागवले. ते घालून ती अंगणात उभी राहिली तेव्हा सगुणा पोट धरधरून हसली.

"जाऊबाई, धोतराला विंजेक्शन देताय का काय?"

"हस तू," कोंडाबाई म्हणाली. "पर ऐकून ठेव. ह्ये दिसतंय पान्यावानी, पर साधं न्हाई. उघड्यावर वापरायचं, घरात कोंडून न्हाई. आधी बादलीभर गार पान्यात थोडंसं टाकून पातळ करायचं, मग कापड घालायचं. पांढऱ्या सुताला चालतं. रेशीम आन् लोकर त्येनं खलास हुती. रंगीत आसंल तर आतल्या शिवणीला एक थेंब लावून बघायचा. आन् ध्यानात ठेव, त्येच्यात दुसरं कायबी मिसळायचं न्हाई. लिंबू न्हाई, चिंच न्हाई, संडास धुवायचं आसिड तर अजिबात न्हाई."

"आन् मिसळलं तर?"

"तर इखारी वाफ निघती. गुरुजींनी हितं बोट ठेवून वाचून दावलंय. माणूस मरतं त्येनं."

सगुणानं मान डोलावली. कान किटलेल्या माणसाची मान फार छान डोलते.

आता त्या गावाची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या गावात पंचवीस हात लांबीची एक पांढरी पायघडी होती. कधी काळी गावातल्या प्रत्येक घरानं एकेक आटी सूत दिलं होतं आणि कोष्ट्यानं त्याचं हे एक अखंड कापड विणलं होतं. गावातली सगळी लग्नं देवळासमोरच्या पटांगणात मांडव घालून व्हायची. लेक सासरी निघाली की मांडवाच्या दारापासून देवळाच्या पायरीपर्यंत ही पायघडी अंथरायची आणि देवाला नमस्कार करायला लेकीनं तिच्यावरून चालत जायचं. साऱ्या गावानं मिळून वाढवलेली पोर, तिचं पाऊल जाताना मातीवर पडू द्यायचं नाही, घराघरातल्या सुतावर पडू द्यायचं. पायघडी धुवायचा आणि अंथरायचा मान परटाच्या घराचा. तो मान त्या घराला जेवणापेक्षा मोठा वाटायचा.

मागच्या लग्नाच्या वेळी परटाच्या घरी सुतक होतं. म्हणून पायघडी देवळातल्या पुजारीबुवांनी अंथरली, आणि काम आटोपल्यावर हळदीचं पाणी सांडलेली, तशीच ओलसर गुंडाळून लोखंडी पेटीत कोंबली. आता कुंभाराच्या लेकीचं, हौसाचं लग्न तीन दिवसांवर आलं आणि पेटी उघडली, तर दोन्ही जावांनी कपाळावर हात मारला. हळदीच्या पाण्याचे पिवळे ओघळ पायघडीभर होते, आणि एका टोकाच्या आठ-नऊ हातांवर पेटीच्या गंजाचे तांबडे ठिपकेही पडले होते.

हौसा म्हणजे सगुणाची या गावातली पहिली मैत्रीण. सगुणा नवी नवरी म्हणून आली तेव्हा हौसानंच तिला नदीची वाट दाखवली होती. सगुणानं तिला वचन देऊन टाकलं होतं, "तुझ्या पायाखाली दुधाची साय अंथरते का न्हाई बघ!" आता त्या सायीवर हळद आणि गंज.

कोंडाबाई नेहमीप्रमाणे कापडाकडे बघत बसली. बघून झाल्यावर म्हणाली, "दोन दीस नुसत्या पान्यातनं काढून उन्हात टाकू. उनानं हळद निम्मी उडती. ऱ्हायली तर तिसऱ्या दिशी अंगणात ब्लीचचं पातळ पानी करू. गंजाचं बघू लगीन झाल्यावर."

"म्हंजे हौसानं तांबड्या ठिपक्यांवरनं चालायचं?"

"चालली तर पाय झिजत न्हाईत तिचं. गंजाला ब्लीच लागू पडत न्हाई सगुणे, उलट त्यो घट बसतो. गंजाला लिंबू आन् मीठ. आन् लिंबू न् ब्लीच एका दिशी, एका भांड्यात जायचं न्हाईत. एका डागाचं औषध झालं, कापड धा पान्यातनं काढलं, सुकलं, की मगच दुसऱ्याचं."

सगुणाचं डोकं मात्र गप्प बसेना. दोन दिवस ऊन, मग एक दिवस ब्लीच, मग लग्न, मग लिंबू! लग्न झाल्यावर ठिपके काढून काय वरात परत बोलवायची? तिला हौसाचा चेहरा दिसत होता. आणि खरं सांगायचं तर, सगळं गाव "ही सगुणाची करामत हो!" म्हणतंय, असंही तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडाबाई नदीवर गेली. दोघींचे नवरे परगावी कपडे पोचवायला गेले होते. सगुणा आणि दोरीवरची पायघडी, एवढ्याच दोघी घरी. वैशाखातलं ऊन, आणि त्यात वावटळ उठली. धूळ बघून सगुणानं पायघडी चटकन काढून आत आणली. आणली ती थेट न्हाणीत. न्हाणी म्हणजे दोन माणसं जेमतेम मावतील एवढी खोली आणि वर एक झरोका. धूळ येऊ नये म्हणून तिनं झरोक्यात फडकं कोंबलं आणि दाराला आतून पाटा टेकवला.

मोठं भांडं म्हणून तिनं तांब्याचं घंगाळ घेतलं. पायघडीचं गंजाचं टोक त्यात दाबून बसवलं, बाकीची पायघडी उंबऱ्याशी पाटावर गुंडाळून ठेवली. पंधरा लिंबं पिळली, मूठभर मीठ टाकलं. गंजाची सोय झाली. मग तिनं ब्लीचची बाटली उचलली. बादलीभर पाण्यात थोडंसं, हे तिला आठवलं. पण थोड्यानं थोडं होतं आणि जास्तीनं जास्त होतं, असा साधा हिशोब करून तिनं बाटलीच उपडी केली. हातमोजे खुंटीवर टांगलेले होते, ते तिथेच राहिले.

पहिल्यांदा एक फस्स असा आवाज आला. मग घंगाळातून हिरवट पिवळी वाफ वर आली आणि सगुणाला वाटलं, कोणीतरी आपल्या नाकातोंडात तिखट कोंबलं. डोळे आपोआप मिटले ते उघडेनात. श्वास घ्यायला जावं तर खोकला, खोकायला जावं तर श्वास नाही. दार कोणत्या बाजूला होतं तेच तिला कळेना. हातानं भिंती चाचपताना तिचा पाय पाट्याला अडला आणि ती दाराशीच कोसळली. त्या क्षणी तिला ना हौसा आठवली ना पायघडी. तिला फक्त एक मोकळा श्वास हवा होता.

वावटळीत कपडे वाळत घालण्यात काही अर्थ नाही, म्हणून कोंडाबाई बोचकं बांधून नदीवरून लवकर परतली होती. अंगणातच तिला वास आला आणि बोचकं तिच्या डोक्यावरून कुठे पडलं ते तिचं तिला कळलं नाही. जी बाई आयुष्यात कधी धावली नव्हती ती धावली. न्हाणीच्या दाराला तिनं खांद्यानं अशी धडक दिली की पाटा सरकला. बाहेरच छाती भरून श्वास घेतला, तो कोंडून धरला, आत वाकली, सगुणाच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि तिला ओढत ओढत थेट अंगणापार, निंबाखाली वाऱ्यावर आणून ठेवलं. दाराशी गुंडाळलेलं पायघडीचं कापड तिच्या पायात अडकून तेवढं बाहेर ओढलं गेलं, तेही तिनं लाथेनं बाजूला केलं.

आरडाओरडा ऐकून शेजारीपाजारी जमले. कोणी दवाखान्याकडे पळालं. कोंडाबाई सगुणाच्या डोळ्यांवर तांब्यामागून तांब्या साधं पाणी ओतत होती आणि सगुणा माशासारखी तोंड उघडून वारा गिळत होती. इतक्यात कुणाचं तरी लक्ष गेलं.

"आगं बया, पायघडी! निम्मी घंगाळात हाय. वढा की कुनीतरी!"

एक दणकट गडी पुढे झालाही. कोंडाबाई उठली आणि दोन्ही हात पसरून त्याच्या आडवी उभी राहिली.

"आत कुनी पाऊल टाकायचं न्हाई."

"आवं, जळून जाईल कापड! गावाची पायघडी हाय!"

"जळू दे," कोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "दार उघडं हाय, वारा लागतोय, वाफ जाईल तवा जाईल. तवर हितनंच बघायचं."

दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. त्यांनी सगुणाची छाती तपासली, डोळे पुन्हा धुतले, गाडी बोलावून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि दिवेलागणीला परत आणलं. "अजून थोडा वेळ आत राहिली असती तर मला बोलावण्यात अर्थ नव्हता," एवढं त्या कोंडाबाईला म्हणाल्या. सगुणाला त्यांनी सांगितलं, आठवडाभर त्या बाटलीच्या जवळपासही फिरकायचं नाही.

न्हाणीतला वास पुरता गेल्यावर कोंडाबाईनं लांबूनच आत बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं आणि मग हातमोजे घालून घंगाळातलं कापड उचललं. ते उचललं गेलंच नाही. ओल्या पापडासारखं ते हातात तुटून आलं. पंचवीस हातांतले नऊ हात गेले. घंगाळ आतून काळंनिळं पडलं ते वेगळंच. आणि गंजाचे ठिपके? त्या चिंध्यांवर ते अजून होते.

सगुणा बाजेवर पडून हे सगळं बघत होती. आता जाऊबाई बोलतील, आता तोंड सोडतील, याची ती वाट बघत होती. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. कोंडाबाई आली, तिच्या उशाशी बसली आणि तिचे केस मागे सारत घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पेज खाशील का गं थोडी?"

तेव्हा सगुणाला रडू फुटलं. ती इतकी रडली की धुतलेले डोळे पुन्हा धुतले गेले.

"मला एवढं सांगितलंवतं तुम्ही. सगळं सांगितलंवतं."

"सांगितलंवतं खरं," कोंडाबाई म्हणाली. "आता पेज खा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडाबाईनं उरलेली सोळा हात पायघडी काढली. तिच्यावर गंज नव्हता, हळद तेवढी पिवळट दिसत होती. सगुणाची बाज तिनं चांगली वीस पावलं लांब, वारा येतो त्या बाजूला टाकली होती. एरवी सगुणाला हे काम बघताना जांभया यायच्या. आज तिची पापणी हलत नव्हती. कोंडाबाईनं हातमोजे चढवले. प्लास्टिकची बादली घेतली, आडातलं गार पाणी भरलं. वाफ उसळताच सगुणानं बाटली तशीच खाली टेकवली होती, म्हणून तिच्या तळाला जेमतेम चार बोटं ब्लीच उरलं होतं. त्यातलंही तिनं झाकणानं मोजून जरासंच टाकलं. कापडाच्या कडेवर एक थेंब लावून बघितला. सूत शाबूत राहिलं, डाग फिका पडला. मग पायघडी बुडवली.

"सगुणे, घड्याळ बघ. पाच मिंटं झाली की हाक मार."

पाच मिनिटं एवढी लांब असतात हे सगुणाला त्या दिवशी कळलं. तिनं हाक मारल्याबरोबर कोंडाबाईनं कापड काढलं आणि साध्या पाण्यातून एकदा, दोनदा, सहादा पिळून काढलं, वास जाईपर्यंत. बाटलीचं बूच घट्ट लावून ती फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली, तिच्याच बाटलीत, दुसऱ्या कशात ओतून नाही. आणि दोरीवर पायघडी उलगडली तेव्हा ती एवढी पांढरी होती की सगुणाला डोळे बारीक करावे लागले. सगुणानं जवळजवळ बाटलीभर ब्लीच ओतून जे साधलं नव्हतं, ते झाकणभरात झालं होतं.

पण ती सोळाच हात होती आणि लग्न उद्यावर आलं होतं.

सगुणाचा नवरा परगावाहून आला आणि डोकं धरून बसला. मग म्हणाला, "उंदरानं कुरतडली म्हनू. देवळात उंदीर काय कमी हाईत? पुजारीबुवांच्या पेटीत हुती, आपल्याला कोन इचारतंय!"

थोरले दीर खाली बघत होते. सगुणानं कोंडाबाईकडे बघितलं. कोंडाबाई "हो" म्हणाली नाही आणि "नाही"ही म्हणाली नाही. ती नुसती सगुणाकडे बघत राहिली. कपडा हातात घेतल्यावर बघायची, तशी.

खोटं फार सोपं होतं. परटाचा मान राहिला असता, हौसापुढे मान खाली घालावी लागली नसती. पण मग कोंडाबाई दारात आडवी उभी राहिली होती, ते कोणाला कळलं असतं? शेजाऱ्यांनी बघितलं होतं ते त्यांनी पोटात ठेवलं असतं आणि त्या गोष्टीवर उंदरांची गोष्ट पसरली असती. सगुणाला वाटलं, माझा जीव जिनं ओढून काढला, तिच्या त्या ओढण्यावरच मी बोळा फिरवायचा?

"उंदीर न्हाई," ती म्हणाली. "म्या सांगते उद्या."

सकाळी मांडव भरला होता. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणीची वेळ झाली. हौसा मांडवाच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि सगळे परटाच्या घरच्यांकडे बघायला लागले. सगुणा पायघडीची घडी छातीशी धरून पुढे आली.

"ही सोळा हातच ऱ्हायलीय," ती म्हणाली. "नऊ हात म्या जाळली. जाऊबाईंनी बजावून बजावून सांगितलंवतं, तरी घाईपायी लिंबू आन् ब्लीच एकत्र केलं, दार लावून केलं. मीच मेले आसते. त्येंनी मला भाईर काढलं म्हनून उभी हाय. मान काढून घ्यायचा तर घ्या, पर त्येंना बोल लावू नगा."

पुजारीबुवा पुढे आले. म्हातारे होते आणि पायघडीवर त्यांचा जीव होता.

"कोंडाबाई, पंचवीस हात अखंड कापड होतं गं. पिढ्यांचं. आत वाकलीच होतीस, तर त्याला एक हिसका द्यायचा सुचला नाही?"

कोंडाबाई म्हणाली, "बुवा, हात दोनच हुतं. दोन्ही तिच्या बगलेत गेलं."

बुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ओली पायघडी पेटीत मी कोंबली होती. गंज माझ्या आळसाचा आहे. दोष वाटायचा असेल तर माझ्यापासून सुरुवात करा."

पण अडचण होती तिथंच होती. मांडवापासून पायरीपर्यंत पंचवीस हात, आणि कापड सोळा. हौसाची आई डोळ्याला पदर लावून उभी होती. सगुणानं एकदा मातीकडे बघितलं, एकदा हातातल्या कापडाकडे, आणि तिच्या डोक्यात वीज चमकली. आज मात्र ती चमकल्याबरोबर धावली नाही. कोंडाबाईपाशी गेली.

"जाऊबाई, जरा इचारते. ही मधोमध आडवी फाडून आठ-आठ हातांच्या दोन केल्या तर? एकीवरनं हौसा चालंल, तवर दुसरी फुडं. ती दुसरीवर गेली की मागली उचलायची आन् परत फुडं टाकायची. पाऊल मातीला लागत न्हाई, आन् कापडबी कमी पडत न्हाई."

कोंडाबाईनं हौसाच्या बापाकडे बघितलं. कुंभार म्हणाला, "फाडा, वहिनी. कापड गावाचं, पोरगीबी गावाची."

कोंडाबाईनं कडेला दातांनी खाच पाडली आणि दोन्ही हातांनी ओढलं. सुताचा टर्रर्र असा सरळ आवाज झाला. सगुणा घरात आल्यापासून पहिल्यांदाच थोरली "थांब" म्हणाली नव्हती.

आणि मग गावानं असं काही बघितलं, जे आधी कधी बघितलं नव्हतं. पुढे कोंडाबाई, पायघडीची एकेक सुरकुती तळहातानं मोडत, सावकाश. मागे सगुणा, हौसाचं पाऊल उचललं गेलं की कापड गोळा करणारी, पुढे नेऊन थोरलीच्या हातात देणारी, पुन्हा मागे येणारी. तिची छाती अजून दुखत होती, नर्सबाई लांबून डोळे वटारत होत्या, म्हणून या खेपेला ती बेतानं धावत होती. हौसा रडत होती आणि हसत होती. पायघडी संपेल तिथे ती क्षणभर थांबायची आणि सगळा मांडव श्वास रोखून बघायचा. कापड यायचं आणि मांडव श्वास सोडायचा. पंचवीस हात झाले, पायरी आली, आणि हौसाच्या पावलांना मातीचा कणही लागला नाही.

पायरीवर चढण्याआधी हौसानं दोघी जावांना एकदमच मिठी मारली. "आखी आसती तर एवढा येळ कुनी माझ्यासंगं चाललं नसतं," ती म्हणाली. मान काढून घ्यायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. त्या गावात पायघडी आजही दोनच तुकड्यांची आहे, आणि लेक निघाली की पुढे एक बाई अंथरते, मागे एक बाई उचलते.

वरात गेल्यावर सगुणानं दोन्ही तुकडे घडी करून कोंडाबाईच्या हातात दिले आणि भर पटांगणात तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"जाऊबाई, मला सोडून कापड वढलं आसतं, तर आज पायघडी पंचवीस हात आसती आन् अंथराया तुम्ही एकल्याच आसता. तुमचं लई उपकार हाईत. आन् ह्ये न्हाणीतनं काढल्याचंच न्हाई म्हनत मी. रोज 'थांब' म्हनत हुता, त्याचंबी म्हनते."

कोंडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ब्लीचनं आलं नव्हतं. तिनं सगुणाला उठवलं, तिच्या कपाळाची माती पुसली आणि म्हणाली, "चल. लग्नाची धुनी पडलीत ढीगभर."

दोघी घरी निघाल्या. सगुणा नेहमीसारखी पुढे पळाली नाही. ती थोरलीच्या शेजारून, थोरलीच्या चालीनं चालत होती.

तात्पर्य: डाग घालवणारं औषध मोजून घ्यावं, मोकळ्या हवेत वापरावं आणि दुसऱ्या औषधाशी कधी मिसळू नये, गेलेलं कापड पुन्हा विणता येतं, पण "थांब" म्हणणारं माणूस नशिबानंच मिळतं, त्याचे उपकार ते सोबत चालत असतानाच मानावेत.